कच्चे शब्द

"पेन्सिल उजव्या हातात धरलीय त्यानं. मी डावखुरा आहे."

कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला आणि आमच्या दिग्दर्शकांनी, वणकुद्रे साहेबांनी, कपाळावर हात मारून घेतला. शॉट झकास चालला होता. मी रंकाळ्याच्या काठावर बसलो होतो, म्हणजे स्टुडिओत उभारलेल्या प्लायवूडच्या काठावर. पाठीमागच्या निळ्या पडद्यावर चंद्र होता आणि मी वर बघत पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवत होतो. कवीला ओळ सुचते तेव्हा तो असंच करतो, अशी माझी आणि साहेबांची पक्की समजूत होती.

"आणि रंकाळ्यावर बसून मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही," मिराशी मास्तर पुढे म्हणाले. "डास फार तिथं."

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. कोल्हापुरात एका जोडीवर सिनेमा निघत होता. मिराशी-गुरव ही ती जोडी. चाल किसनराव गुरवांची आणि शब्द गजानन मिराशींचे. एके काळी लग्नातल्या बँडवाल्यांचं निम्मं पोट या दोघांच्या गाण्यांवर चालायचं. पुढे जोडी फुटली, गाणी तेवढी राहिली. किसनरावांना जाऊन दहाएक वर्षं झाली होती. मिराशी शाळामास्तर होते, आता निवृत्त झाले होते, आणि आपल्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर रोज छत्री घेऊन सेटवर येऊन बसत होते.

तरुणपणच्या मिराशींचं काम मी करत होतो. जयवंत नाईकनवरे, मुक्काम सांगली, नाट्यस्पर्धेतलं रौप्यपदक आणि डोक्यात हवा. पहिलाच सिनेमा, तोही नायक म्हणून. पण ज्याचं सोंग घ्यायचं तोच माणूस समोर खुर्ची टाकून बसला, की नटाची कशी पंचाईत होते ते मला त्या महिन्यात कळलं. मास्तरांना माझी टोपी पटत नसे, चालणं पटत नसे, चहाची बशी तोंडाला लावणं पटत नसे. मी मनातल्या मनात त्यांना रोज चार शिव्या घालायचो आणि वरून नमस्कार करायचो.

गंमत अशी, की बारीकसारीक चुका वेचून काढणारा हा माणूस मोठ्या थापेवर चकार शब्द काढत नव्हता. जोडी का फुटली हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून साहेबांनी पटकथेत एक नटी घुसडली होती. दोघे मित्र, दोघांचं तिच्यावर मन, शेवटी ताटातूट. मला वाटलं आता मास्तर छत्री घेऊन उठणार.

"अशी कुणी होती का हो, मास्तर?" मी विचारलं.

"छे. पण ते राहू द्या," ते म्हणाले. "बरं आहे ते."

त्यांचं वाकडं होतं ते फक्त एका गाण्याशी, आणि नेमकं तेच गाणं सिनेमाचा प्राण होतं. 'दूध चुलीवर ठेवलं, जाऊ नका.' नुसती ही एक ओळ म्हटली तरी त्या काळातली कुठलीही बाई पुढचं गाणं म्हणून दाखवायची. माझी आई चुलीपाशी हीच ओळ गुणगुणायची आणि वडील तोवर चपला पायात घालत असायचे. बाकीच्या सगळ्या गाण्यांना मास्तरांनी शाल-नारळावर परवानगी दिली होती. याला मात्र नाही म्हणजे नाही. कारण विचारलं की गप्प. इकडे वितरकाने साहेबांना स्वच्छ सांगून टाकलं होतं, की दुधाचं गाणं नसेल तर तुमचे डबे तुमच्याच घरी ठेवा.

"नाईकनवरे, तू जा त्यांच्याकडे," साहेब मला म्हणाले. "तू त्यांचा लाडका."

"लाडका कसला? दिवसभर माझी सालं काढतात."

"म्हणूनच म्हणतो. दुसऱ्या कुणाकडे ते बघतसुद्धा नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला नागपुरात. त्यांनी स्वतःच चहा टाकला. मी एकदम मुद्द्यावर न येता विचारलं, की तुम्ही दोघं नेमकं काम कसं करत होता ते दाखवा, म्हणजे मला करायला सोपं जाईल.

हे विचारल्याबरोबर ते खुलले. साखरेचा रिकामा डबा त्यांनी मांडीवर घेतला.

"चाल आधी. शब्द नंतर. लोकांना उलटं वाटतं. किसनची खोली पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी घरघरतीय, वर हा पेटी घेऊन बसलाय. चाल सुचली की नुसतं ला-ला करून लक्षात राहत नाही, म्हणून मापाला बसतील असे कसलेही शब्द घालायचा. त्याला आम्ही कच्चे शब्द म्हणायचो. ते ऐकून मी पक्के शब्द लिहायचो आणि मग कच्चे फेकून द्यायचे."

"कसले असायचे हो?"

मास्तरांनी डब्यावर ठेका धरला आणि म्हाताऱ्या, चिरक्या आवाजात गायले, "कोथिंबीर महागली, जोंधळा भिजला गं बाई."

मी हसून लोळायचा बाकी राहिलो. कारण ती चाल मी ओळखली. त्या चालीवरचं विरहाचं गाणं ऐकून अख्ख्या महाराष्ट्रानं डोळे पुसले होते.

"घरातलं जे कानावर पडेल ते घालायचा," मास्तरही हसत होते. "मी चिडायचो. म्हणायचो, अरे, असल्या चालीला कोथिंबीर? तो म्हणायचा, मग काढ की तू ती. आणि मी रागारागानं लिहायचो. माझी चांगली गाणी सगळी रागातली आहेत."

एवढा मोकळा झालेला माणूस बघून मला धीर आला. "मास्तर, मग दुधाचं गाणं द्या ना."

डब्यावरचा हात थांबला. "ते सोडून बोला."

"का पण?"

"ते सोडून बोला म्हटलं."

आणि माझं डोकं फिरलं. महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, "टोपीपासून बशीपर्यंत सगळं तुमच्या मनासारखं केलं मी. पेन्सिल डाव्या हातात धरायला शिकलो. आता कळसालाच नाही म्हणताय. माझा पहिला सिनेमा आहे हा, तो डब्यात जाईल. माझी आई ती ओळ म्हणत म्हणत गेली. तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि तिच्यावर नागोबासारखे बसलाय."

"मी नाही लिहिली ती," मास्तर म्हणाले.

मला वाटलं हेही चिडूनच बोलताहेत. पण त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी डबा जाग्यावर ठेवला, झाकण लावलं आणि मग खाली बसून सांगितलं.

"माझी ओळ होती, 'चांदणं दारात आलं, जाऊ नका.' वाईट नव्हती. पण मला लिहायला उशीर झाला. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी दिली. गाणाऱ्या बाईंनी तोवर आठवडाभर किसनच्या कच्च्या शब्दांवर चाल बसवली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत तपासणी, इन्स्पेक्टर येणार, म्हणून मी गेलो नाही. बाकी सगळं बाईंनी माझं म्हटलं. ध्रुवपद आलं आणि जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडून कच्ची ओळ गेली. किसननं थांबवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. तबलजीनं मला नंतर सांगितलं हे. असा सूर बाईंचा पुन्हा लागला नसता म्हणे."

"मग?"

"मग काय, तबकडी निघाली. ओळ किसनची, नाव माझं. मी भांडायला गेलो तर तो म्हणाला, अरे, तुझीच समज की, शब्दांचं खातं तुझं. मी म्हणालो, मी कुणाच्या उष्ट्यावर जगत नाही." मास्तरांनी गार झालेला चहा बाजूला सारला. "त्याला तसलं कुणी बोललेलं नव्हतं. देवळात वाजवणाऱ्यांच्या, देवापुढच्या नैवेद्यावर जगणाऱ्या घरातला माणूस, आणि मी मिराशी. त्यानं पेटीचा भाता बंद केला. पुन्हा मी त्या जिन्यावर पाय ठेवला नाही."

"आणि लोकांना काय सांगितलंत?"

"लोक विचारत नाहीत, लोक हार घालतात. पहिल्या वेळी म्हणणार होतो, की ही ओळ माझी नव्हे. पण टाळ्या पडत होत्या. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळी का नाही बोललो ते सांगावं लागलं असतं. मी चांगली दोनशे गाणी लिहिली, नाईकनवरे. माझ्या शाळेतल्या फलकावर एकच ओळ रंगवलीय, आणि ती दुधाची."

मला त्यांचा राग आला आणि मागोमाग फार वाईट वाटलं. एखाद्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या ओळीची शाबासकी मिळत राहिली तर त्याचं काय होत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"उद्या तुम्ही चंद्राखाली बसून ती ओळ माझ्या तोंडी घालणार," ते म्हणाले. "नटीची थाप तुमची आहे, ती चालेल मला. ही माझी होईल. एवढीच नको."

"मग परवानगी तुमच्याकडे मागण्यात अर्थच नाही," मी बोलून गेलो. "ती किसनरावांच्या घरी मागायला हवी."

मी वाद घालायच्या नादात बोललो होतो. पण मास्तरांनी उठून खुंटीवरचा कोट काढला आणि छत्री घेतली.

किसनरावांच्या घराखालची गिरणी अजून चालू होती. जिन्याखाली मास्तर थबकले, आणि आता परत फिरतात की काय असं मला वाटलं. मी विचारलं, "किसनराव गेले तेव्हा आला होतात?"

"आलो होतो," त्यांनी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीकडे बोट केलं. "तिथपर्यंत."

किसनरावांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, दार उघडलं. सत्तरीची, ठेंगणी, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण. कडेवर नातू. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं.

"या मास्तर," त्या म्हणाल्या, जणू ते कालच येऊन गेले होते. "त्यांच्या बाराव्याला तरी याल वाटलं हुतं. कोपऱ्यावर दिसला हुतासा, छत्री घिऊन."

आम्ही सतरंजीवर बसलो. भिंतीवर किसनरावांचा फोटो होता आणि त्याच्या खाली कापडात गुंडाळलेली पेटी. मास्तरांनी एकदा तिकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"वहिनी, मी एक कबूल करायला आलोय. दुधाची ती ओळ माझी नाही. किसनची आहे. इतकी वर्षं मी ती माझी म्हणून मिरवली. आता सिनेमात तरी त्याच्या नावानं जाऊ दे. तुम्ही हो म्हणालात तर."

हौसाबाईंनी नातवाला खाली ठेवलं. "त्यांची कुठली?"

"किसनचीच. तोच ते कच्चे शब्द घालायचा."

"घालायचे की. पण त्यांची न्हवं ती, मास्तर. माझी हाय."

मास्तरांनी मान वर केली.

"रोज दिवस मावळला की ह्यांची तालमीला जायची घाई," हौसाबाई सांगू लागल्या. "त्या दिशी पेटी घिऊन उठाय लागले तवा म्या म्हटलं, चुलीवर दूध ठेवलंया, जाऊ नगासा. झालं. तितंच बसले आन् पेटीवर बोटं फिरवत त्येच म्हणाय लागले. माझ्या तोंडचं. म्या म्हटलं, हे काय खूळ? तर म्हणत्यात, गप गं, मापाला बसतंय."

"मग थांबले का?" मी विचारलं.

"कुठले थांबत्यात? त्येच गुणगुणत जिना उतरून गेले."

मला हसू आवरेना. मास्तरांकडे बघायची मात्र छाती होत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी?" ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून?"

"तर. रेडिओवर लागलं की हाक मारायचे, हौसा, तुजं गाणं लागलंय बघ. म्या म्हणायची, गप बसा, शेजारचं काय म्हणतील."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगणारच हुते. पण तुमी त्या दिशी उष्टं म्हणालासा. म्हणले, आता बायकोच्या तोंडचं हाय म्हटलं तर गजा आनकी चिडंल. निवळंल तवा सांगू. तुमी आलाच न्हाईसा."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसत बसले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या तरी पुसतच होते. हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला आणि नातवाला म्हणाल्या, "पाया पड रं त्यांच्या. आज्जाचं दोस्त हायत."

तो मुलगा काही पाया पडला नाही. छत्री ओढायला लागला. मास्तरांनी ती त्याला देऊन टाकली.

वणकुद्रे साहेबांना मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते आधी दचकले, मग पेन्सिल घेऊन पटकथेवर झुकले. माणूस हाडाचा सिनेमावाला होता. एका तासात त्यांनी रंकाळा, चंद्र आणि ती नटी, तिन्ही काढून टाकली. माझा सगळ्यात लांब शॉट त्यात गेला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मास्तरांनी फक्त एक अट घातली, की गाण्याच्या श्रेयात किसनरावांच्या आधी हौसाबाईंचं नाव यावं. "आणि माझं?" असं साहेबांनी चाचरत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माझी बाकीची कडवी आहेत की. तेवढ्यापुरतं शेवटी घाला."

गुरुवारी त्याच जागी स्वयंपाकघराचा सेट लागला. खरी चूल, खरं दूध. रंकाळ्याचा प्लायवूडचा काठ उलटा करून कोपऱ्यात टेकवून ठेवला होता. मला त्या प्रसंगात काम नव्हतं, तरी मी वेशात होतो, कानावर पेन्सिल अडकवलेली, आणि मास्तर आणि हौसाबाई यांच्या खुर्च्यांमागे उभा होतो. हौसाबाईंना सिनेमाचं शूटिंग म्हणजे देवळातला कार्यक्रम वाटत असावा. त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या होत्या.

दिवे लागले. हौसाबाईंचं काम करणारी मुलगी चुलीपाशी बसली. किसनरावांच्या वेशातला नट पेटी घेऊन उठला.

"दूध चुलीवर ठेवलं, जाऊ नका," ती मुलगी साधेपणानं म्हणाली.

तो थबकला, पुन्हा खाली बसला, पेटीवर बोटं फिरवली. मग ओळ गुणगुणत उठला आणि दाराबाहेर गेला. कॅमेरा तिच्यावर राहिला. ती त्या दाराकडे बघत होती आणि मागे दूध वर येत होतं. साहेबांना तेच हवं होतं. सगळे कॅमेऱ्याभोवती उभे होते.

दूध काठाशी आलं, सांडू लागलं, आणि हौसाबाई खुर्चीतून उठल्या. कुणी काही बोलायच्या आत त्या दिव्यांच्या उजेडात शिरल्या, पदरानं पातेलं धरलं आणि खाली उतरवलं.

"कट," साहेब खचून म्हणाले.

"उतू चाललं हुतं की," हौसाबाई म्हणाल्या. "येवढी माणसं हुबी हायत आन् एकालाबी दिसंना."

सेटवर हशा पिकला. कॅमेरामन हसता हसता खाली बसला. हौसाबाई परत येऊन खुर्चीवर टेकल्या आणि पदर झटकू लागल्या. मास्तर मात्र हसत नव्हते. ते त्यांच्याकडे वळून बसले होते.

"वहिनी, त्या दिवशी किसन निघून गेल्यावर मग काय झालं?"

"काय हुनार? बसले जराशी. वाटलं, येतील माघारी. मग सगळं दूध म्या एकटीनंच पिऊन टाकलं. दोघांचं."

मास्तर हसले. मग त्यांचे ओठ हलू लागले आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. दुधाच्या गाण्याची ती चाल मला पाठ होती. त्यांनी कोटाचे खिसे चाचपले, खिशात काही सापडलं नाही, तसा हात लांब करून माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. कागद कुणाकडेच नव्हता. ते उठून कोपऱ्यात गेले आणि रंकाळ्याच्या त्या प्लायवूडच्या उघड्या पाठीवर पेन्सिल टेकवून उभे राहिले.

"पुन्हा म्हणा, वहिनी," ते म्हणाले. "जरा सावकाश."